गिनतीला बसलेला वर्ग

नांदेड
५ ऑगस्ट २०२५

आरती अक्का,

तुझं पत्र परवा मिळालं. आईचा डावा हात आता पेला धरतो हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली असं लिहिलंस, पण सकाळची बदलली की संध्याकाळची ते लिहिलं नाहीस. तेवढं कळव.

इथे एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. जेलमध्ये मोटर वाइंडिंगचा कोर्स आला आहे. म्हणजे पाण्याची मोटर जळाली की ती उघडायची, जुनी तार काढायची आणि नवी भरायची. शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. पण शिकवणारे सर इथे येत नाहीत. वाचनालयाच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावला आहे आणि त्याच्या डोक्यावर छोटा कॅमेरा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार सर टीव्हीत येतात. आम्ही सोळा जण सतरंजीवर एकेक मोटर पुढ्यात घेऊन बसतो. आम्हाला सर दिसतात, सरांना आम्ही दिसतो.

सरांचं नाव शेषेराव. शिकवतात चांगलं. पण कॉइल खाचेत कशी बसवायची ते दाखवायला कॅमेरा बोटांजवळ नेतात आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं. आवाज चालू असतो, "आता नीट बघा, हे असं," आणि टीव्हीवर नुसता सरांचा अंगठा. माझा जोडीदार गुंडप्पा म्हणतो, "कोर्स मोटरचा हाय का अंगठ्याचा रे?" गुंडप्पा देगलूरकडचा आहे, पन्नाशीचा. इथे प्रत्येकाला जोडीदार असतो, कारण गिनती जोडीने होते. शिट्टी वाजली की असू तिथे दोघं-दोघं उकिडवे बसतो आणि हवालदार डोकी मोजत जातात. दिवसातून चार वेळा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. सर जिथून शिकवतात ते सेंटर लातूरमध्ये आहे, औसा रोडला. तुझ्या घरापासून ते किती लांब आहे? तिकडे टीव्हीसमोर सरांशिवाय आणखी कोण असतं ते मला इथून कळत नाही. कुणी ओळखीचं असलं आणि त्याने मला बघून घरी येऊन सांगितलं तर? माझ्या पिकअपखाली माणूस गेला त्याच आठवड्यात आईला लकवा झाला. डॉक्टर म्हणाले होते की आता एकही धक्का नको. म्हणून तू तिला सांगितलंस की सत्यम नांदेडला कोर्सला गेलाय, हॉस्टेलवर राहतो. मी तुला अडवलं नाही. नऊ महिने ते टिकलं आहे. ते माझ्यामुळे फुटायला नको.

मी मागच्या ओळीत बसतो. तरी तू दाजींना विचारून ठेव, औसा रोडच्या त्या सेंटरमध्ये त्यांच्या डाळमिलचं कुणी जातं का.

सत्यम


लातूर
१३ ऑगस्ट

सत्यम,

गोळी सकाळची बदलली. झालं समाधान?

अरे येड्या, तुझं पत्र वाचून मी आधी घाबरले अन् मग हसायलाच लागले. नऊ महिने मी आईला थापा मारून राहिले की सत्यम कोर्सला गेलाय, कोर्सला गेलाय, अन् आता तू खरंच कोर्सला! माझी थाप सरकारने खरी केली.

मी काल त्या सेंटरवर जाऊन आले. ओरडू नको, आधी वाच. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. मंगळवार, पावणेतीनची वेळ. दारात गेले तर तुझे शेषेराव सर म्हणाले, "ताई, कोण पाहिजे?" मी म्हटलं, "मागच्या ओळीतल्याची बहीण आहे." ते म्हणाले, "बहीण असा नाहीतर आमदार असा, आत येता येणार नाही." मी म्हटलं, "आत कुठे येते? दारात उभी राहते." त्यावर ते नुसतेच आत वळले, अन् दार लावायचं विसरले. चांगला माणूस आहे.

मी तुला पाहिलं. माझ्या अंगठ्याएवढा दिसत होतास. केस किती बारीक कापलेत रे. कात्री मागायला हात वर केलास, तर तसाच, कोपर दुसऱ्या हातावर टेकवून, चौथीत करायचास तसा. मला एवढं भरून आलं की मी चप्पल उलटी घालून बाहेर पडले.

अन् रिक्षात बसल्यावर मला सुचलं. आईला इथे आणायचं. तिला काय दिसेल? पोरं खाली बसलीत, पुढ्यात मोटरी, सर शिकवतायत, अन् तिचा सत्यम हात वर करतोय. यात खोटं काय आहे? तुझी परीक्षा कधी आहे ते कळव. त्या दिवशी आणते तिला.

तुझी अक्का


नांदेड
२३ ऑगस्ट

अक्का,

तुझं पत्र काल मिळालं. पाकीट उघडलेलं होतं आणि वर ऑफिसचा शिक्का होता. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र इथे वाचलं जातं हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तरी तू दारात उभं राहिल्याचं, सरांनी दार उघडं ठेवल्याचं, सगळं नावासकट लिहिलंस. हे ज्यांनी वाचलं ते मला काहीच बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आज जेवायला बसलो तेव्हा हवालदारांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

आईला आणू नको. राग मानू नको, पण नीट विचार कर. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत असतो, सगळ्यांचे सारखे. दारापाशी हवालदार खुर्ची टाकून बसलेले असतात, ते कधी चित्रात येतात, कधी नाही. कात्र्या मोजून देतात आणि मोजून परत घेतात, तार वजन करून देतात. असं कुठल्या हॉस्टेलवर असतं? आई शिकलेली नाही, पण तिच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. आणि हा वर्ग घरच्यांना भेटायला नाही. आमच्याबरोबर आणखी दोन जेल याच वर्गाला जोडलेले आहेत. तुझ्यामुळे वर्ग बंद पडला तर सोळा जण मला काय म्हणतील? गुंडप्पाने आयुष्यात पहिल्यांदा काही शिकायला घेतलं आहे.

परीक्षा १४ ऑक्टोबरला आहे. ही तारीख मी लिहिणार नव्हतो, पण तू विचारलंस आणि मला खोटं लिहिता येत नाही. कृपा करून त्या दिवशी घरीच थांब.

सत्यम


लातूर
४ सप्टेंबर

सत्यम,

तुला राग मानू नको म्हणायला सोपं आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कात्री आहे, तार आहे, हवालदाराची खुर्ची आहे, गुंडप्पा आहे. आईला बघावंसं वाटतं असं एक वाक्य नाही. भेटीचा व्हिडिओ कॉल नको, कारण मागे गज दिसतात. फोन नको, कारण तिला कमी ऐकू येतं. वर्ग नको, कारण वर्ग बंद पडेल. तुला ती नकोच झाली का रे?

मी तुला काही गोष्टी कळवत नव्हते. आता कळवते, कारण तू घाबरत बसशील म्हणून मी गप्प राहिले अन् तू तर तसाही घाबरतोसच.

आईला वाटतं, तू नाहीस.

नाहीस म्हणजे जगात नाहीस. पोळ्याला तू आला नाहीस तेव्हा तिने विचारलं नाही. मला बरंच वाटलं, म्हटलं सवय झाली. परवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी पानं वाढत होते अन् तोंडातून निघून गेलं की सत्यम असता तर त्याने चार पुरणपोळ्या खाल्ल्या असत्या. तर आई म्हणाली, "असता म्हणालीस न्हवं? आता तरी सांग. कवा गेलं लेकरू?" मी म्हटलं, अगं काय बोलतेस, तो नांदेडला आहे. ती म्हणाली, "दहा म्हैने झाले. नांदेड काय दिल्लीला हाय? मी दवाखान्यात व्हते तवाच त्येला जाळून आलाव तुमी. डाक्टर म्हणला धक्का नको, म्हणून सांगितलं न्हाई." मी फोन लावायचा म्हटलं तर म्हणाली, "फोनात कुणाचाबी आवाज काढतेत."

दाजींचं तिने डोकं खाल्लंय. ते दिसले की हात जोडते अन् विचारते, "सिद्धेश्वर, तुमी तरी खरं बोला." ते बिचारे मिलमधून उशिरा यायला लागलेत.

अन् गोळ्या. आठ दिवस ती गोळी तोंडात धरून ठेवायची अन् मी वळले की खिडकीतून टाकायची. काल कुंडीत सापडल्या. आता सांग, धक्का कशाने बसणार आहे?

आरती


नांदेड
११ सप्टेंबर

अक्का,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्या दिवशी वर्गात मी एक कॉइल तीन वेळा उलटी बसवली. शेषेराव सर टीव्हीतून म्हणाले, "मागच्या ओळीतले, घरी काही आहे का?" मी काही नाही म्हणालो.

आईला बघावंसं वाटतं. हे वाक्य मी पहिल्या पत्रापासून लिहितो आणि खोडतो, कारण पत्र ऑफिसात वाचतात आणि तिथे कुणीतरी हे वाचावं असं मला वाटत नव्हतं.

काल मी जेलर मॅडमना भेटायचा अर्ज दिला. दहा मिनिटं काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. आत गेलो तर त्या म्हणाल्या, "बहिणीच्या पत्राबद्दल ना? ती पत्रं मीच वाचते. तुला इथवर यायला एवढे दिवस का लागले?" मी म्हणालो, "मॅडम, वर्ग बंद होईल म्हणून." त्या म्हणाल्या, "न विचारता केलं असतंस तर झाला असता."

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. इथला कॅमेरा मुलांकडेच राहील, तो कुणाच्या घरच्यांसाठी हलणार नाही. लातूरच्या खोलीत कोण बसतं ते तिथल्या सरांनी ठरवायचं, त्यांचा लेखी होकार पाहिजे. आईने किंवा तू एक शब्दही बोलायचा नाही. मीही नाही. बोललं की जोडणी बंद. मी गिनतीचं विचारलं, कारण मला तीच भीती सगळ्यात जास्त होती. त्या म्हणाल्या, परीक्षा दोन ते चार आहे, गिनती पाचला. हवालदारांची खुर्चीही त्या दिवशी दाराबाहेर ठेवू.

तर आता तू असं कर. आईला अगदी मागे बसव, पण मधोमध, म्हणजे मला मान न वळवता दिसेल. अडीचला आण, साडेतीनला परत ने. चारपर्यंत थांबू नको. पांढऱ्या कपड्यांचं विचारलं तर कोर्सचा ड्रेस आहे म्हणून सांग, ते फारसं खोटं नाही. डोळ्यांचा चष्मा पुसून दे. आणि त्या दिवसाची गोळी तुझ्यासमोर गिळल्याशिवाय रिक्षात बसवू नको.

आमची शेवटची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची आहे. परीक्षेत ती पूर्ण भरून सुरू करून दाखवायची. फिरली तर पास.

सत्यम


लातूर
२५ सप्टेंबर

सत्यम,

सरांनी लिहून दिलं. आधी म्हणाले, "ताई, माझी नोकरी घालवाल." मग म्हणाले, "परीक्षक बाहेरचे येणार आहेत. विचारलं तर माझी आत्या आहे म्हणेन." अन् मग पुन्हा स्वतःच म्हणाले, "नको, आत्याला कोण परीक्षेला आणतं? खरंच सांगतो." तुझ्याच जातकुळीतला माणूस आहे.

आईला सांगितलं की सत्यम टीव्हीवर दिसणार आहे. मला वाटलं उठून उभी राहील. तर म्हणाली, "टीव्हीत काय, मेलेली माणसंबी नाचतेत. दाखवशील जुनं कायतरी."

मी डोक्याला हात लावला. दाजी मात्र हसले. म्हणाले, "बरोबर बोलल्या मामी. कोर्टात बी असाच पुरावा मागतेत."

म्हटलं, आई, हे जुनं नाही, आत्ता चाललेलं दिसतं, तूही त्याला दिसशील. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "मी हात वर करीन. माझं बघून त्येनं करावा. केला तर माझं लेकरू. न्हाई केला तर मला परत कवाच काय सांगू नगा."

तेव्हा तुझ्याकडे एवढंच काम आहे. कात्री मागितल्यासारखा हात वर कर, कुणी काही म्हणणार नाही. पण तिचा हात वर गेला की लगेच. उशीर करू नको रे. ती गोळ्या घेते आता, पण मला म्हणाली, "चौदा तारखेपातुर घेते."

अक्का


नांदेड
१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

अक्का,

आई कशी आहे? हे पत्र मिळाल्याबरोबर कळव. ऑफिसात फोन, हाती चिठ्ठी, जे शक्य असेल ते. माझी फोनची पाळी परवाच होऊन गेली आणि आता पुढच्या आठवड्यात आहे. मॅडम पाहुण्या साहेबांबरोबर आहेत, त्यांना भेटता आलं नाही.

माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो, म्हणजे माझी चूक कुठे झाली ते तुला कळेल.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी तुम्ही आत आलात. आईने निळं लुगडं नेसलं होतं. तू तिला मधोमध बसवलंस, मी सांगितलं तसं. ती इतकी बारीक झाली आहे हे तू मला का लिहिलं नाहीस? मी मान खाली घालून तार भरत होतो आणि दर दोन मिनिटांनी वर बघत होतो. पावणेतीनला तिचा हात वर गेला. मी लगेच हात वर केला. एका सेकंदाचाही उशीर केला नाही, शपथ. पण टीव्हीवर तिचा हात खालीच येईना. मला वाटलं, ती माझी वाट बघते आहे. मी हात तसाच धरून उठून उभा राहिलो. मग कळलं की चित्र अडकलं आहे. तुमच्याकडेही अडकलं असणार. तिला मी हात वर करताना दिसलो की नाही, मला माहीत नाही.

चित्र सुरू झालं आणि शिट्टी वाजली.

पाचची गिनती पावणेतीनला कशी, ते नंतर कळलं. वरून मोठे साहेब अचानक भेटीला आले होते आणि त्यांच्यासमोर खास गिनती घ्यायची होती. हवालदार आत आले. सगळे कात्र्या खाली ठेवून जोडीने उकिडवे बसले. मी उभा होतो. माझ्या डावीकडे पुस्तकांचं कपाट आहे. एक पाऊल सरकलो असतो तर कॅमेऱ्यात दिसलो नसतो. गुंडप्पा खालून माझा शर्ट ओढत म्हणाला, "बस की रे. तुझ्याबिगर मी गिनतीत अर्धाच हाव." मी सरकलो असतो तर गिनती चुकली असती. चुकली की पुन्हा पहिल्यापासून होते, आणि तेवढ्यात परीक्षेची वेळ संपून सोळाच्या सोळा नापास झाले असते.

मी बसलो. कॅमेऱ्यासमोरच बसलो. हवालदारांनी माझ्या डोक्यावर काठी टेकवून आकडा म्हटला.

टीव्हीत आई उठून उभी राहिली होती. दोन्ही हातांनी कपाळ बडवत होती आणि तिचं तोंड उघडं होतं. आवाज बंद होता. तू तिला मागून धरलं होतंस. मग सर कॅमेऱ्याकडे धावत आले आणि टीव्ही काळा झाला.

दहा मिनिटांनी फक्त परीक्षकांचं चित्र आलं. तुमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माझी मोटर फिरली. मी पास आहे. ते कुणालाही सांगू नको.

तिला दवाखान्यात नेलंस का? कुठल्या? आधीच्याच ना?

सत्यम


लातूर
१४ ऑक्टोबर

सत्यम,

मला माहीत आहे, तू आत्ता तिकडे भिंतीला डोकं लावून बसला असशील. म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले. दाजी उद्या मिलच्या गाडीने नांदेडला चाललेत, ते ऑफिसात नेऊन देतील. आधी हे वाच: आई ठीक आहे. दोन भाकरी खाल्ल्या. गोळी मागून घेतली.

आता झालेलं सांगते. तिने हात वर केला अन् टीव्हीवर तू मान खाली घातलेला, तसाच अडकलास. हलेनास, डुलेनास. आईने हात दोन मिनिटं वर धरला. लकव्याचा हात, थरथरत होता. मग खाली घेतला अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ. फोटू लावलाय." परीक्षक वळून बघायला लागले. मी तिला गप्प करत होते, ती चप्पल शोधत होती. म्हणाली, "चल घरी. झालं माझं."

अन् तेवढ्यात चित्र हललं. तुझा हात वर होता. तिने बघितलं, पण तिचा विश्वास बसायच्या आत शिट्टी वाजली अन् पोरं दोघं-दोघं उकिडवी बसायला लागली. खाकी कपड्यातला माणूस काठी घेऊन आला. तू उभा होतास. मी मनात म्हणत होते, सरक रे, सरक, त्या कपाटामागे सरक. अन् तू बसलास.

आई पुढे गेली. एवढी पुढे की तिचं नाक टीव्हीला लागेल. बघत राहिली. मग वळली, अन् मला म्हणाली, "आरती, हे जेल हाय."

माझ्या तोंडून हो निघालं.

तर ती कपाळ बडवून घ्यायला लागली. मला वाटलं गेली आता. मी तिला कवळ्यात धरलं, तर ती हसत होती रे. रडत होती अन् हसत होती. "जेलात हाय! लेकरू जेलात हाय! जित्तं हाय!" परीक्षक उठून उभे राहिले, त्यांना काही कळेना. तर ही त्यांच्याकडे गेली अन् त्यांचे दोन्ही हात धरून सांगितलं, "साहेब, माझं लेकरू जेलात हाय!" लोक कलेक्टर झाला म्हणून सांगतात ना, त्या आवाजात. ते साहेब म्हणाले, "अभिनंदन." काय म्हणणार दुसरं? ती आता माईकवर जाऊन तुला हाक मारणार हे बघून सरांनी धावत जाऊन सगळं बंद केलं. नाहीतर तुमचा वर्ग आजच संपला असता.

रिक्षात म्हणाली, "जेलातून माणूस माघारी येतंय." एवढंच पुन्हा पुन्हा.

घरी आल्यावर जेवली अन् विचारलं, काय केलं त्याने? मी सांगितलं. काही लपवलं नाही. फोनकडे बघत होता, सायकलवरचा माणूस दिसला नाही, अन् मग थांबलाही नाही, दोन दिवस लपून राहिला, ते पण सांगितलं. मग तिचं हसू गेलं. ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "त्या माणसाच्या घरी कोण कोण हाय?" मी म्हटलं, माहीत नाही. "आपल्यातलं कोण गेलतं त्यांच्याकडं?" म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाली, "मग इतके दिस तुमी काय करून राहिलाव? मला जपून राहिलाव?"

मला तिच्याकडे बघवेना.

खालचं तिने सांगितलं ते लिहिते.

"सत्या, म्या तुला बघितलं. तू लई वाळलास. मी नांदेडला येणार हाय, पण आदी त्या माणसाच्या दारात जाणार. त्येच्या बायकोला भेटल्याबिगर मी तुझ्याकडं येणार न्हाई. कुठलं गाव, कुठलं घर, लिहून पाठव. आरतीला ठाव न्हाई. तुला ठाव असंल."

अक्का


नांदेड
२४ ऑक्टोबर

आई,

हे पहिलं पत्र आहे जे मी तुला लिहितो आहे. अक्का वाचून दाखवेल. अक्का, मधलं काही गाळू नको.

दाजींनी दिलेलं पत्र मला दुसऱ्याच दिवशी मिळालं. मॅडमनी स्वतः आणून दिलं. वाचून झाल्यावर मला उत्तर लिहायला नऊ दिवस लागले. पाच पानं लिहून फाडली. त्यांत सगळीकडे मी स्वतःबद्दलच लिहिलं होतं.

तू विचारलंस मला ठाव आहे का. आहे. पहिल्या महिन्यापासून आहे. कोर्टाच्या कागदात त्यांचं नाव होतं. आणि त्यांच्या गावचा बजरंग नावाचा एक जण महिनाभर आमच्या बराकीत होता. मी कोण हे त्याला न सांगता मी त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. आपण त्यांच्या घरातलं सगळं विचारायचं आणि आपलं नाव सांगायचं नाही, हे बरं नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तो सुटून गेला त्या दिवशी मला हलकं वाटलं, याची मला लाज वाटते.

तू एकटी जाऊ नको असं मी आधी लिहिणार होतो. मला अजून तेरा महिने आहेत. मी आलो की आपण दोघं जाऊ, त्यांना काय बोलायचं ते मीच बोलेन, असं लिहिणार होतो. तुझा पाय अजून ओढतो, बसची पायरी उंच असते. त्या लोकांनी तुला दारातून घालवून दिलं तर तुला काय होईल, हे मी रोज बघतो डोळ्यांसमोर. पण माझी वाट बघायला लावणं म्हणजे त्यांच्याकडे आणखी तेरा महिने कुणीच न जाणं. आणि मी सुटल्यावर नक्की गेलो असतो का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तुझ्याशी आता खोटं नको.

म्हणून लिहितो. नीट ऐक.

त्यांचं नाव आप्पासाहेब होतं. वय बावन्न. शाळेत शिपाई होते. त्या दिवशी सायकलवरून शाळेलाच चालले होते. बायकोचं नाव कमलम्मा. मोठी मुलगी पुनम, तिचं लग्न झालं आहे. धाकटा मुलगा बारावीला आहे.

लातूरहून नांदेडच्या बसने ये, नांदेडहून बिलोलीची बस धर. बिलोलीच्या अलीकडे टाकळी फाटा येतो. कंडक्टरला आधीच सांगून ठेव, तिथे गाडी फार थांबत नाही. फाट्यावरून गाव अर्धा कोस आहे, दाजींना बरोबर ने, चालू नको, रिक्षा बघ. गावात शिरल्यावर शाळा लागते. शाळेच्या मागे गल्ली आहे, तिच्यात डाव्या हाताचं तिसरं घर, दाराला हिरवा रंग. दुपारी दोनच्या आत जाऊ नको, कमलम्मा सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जातात. त्या दोनला परत येतात. तेव्हा मुलगा कॉलेजात असतो. मुलगा घरी असताना जायचं की नाही, ते तू ठरव. मला ते ठरवता येत नाही.

काही घेऊन जाऊ नको. ते घेणार नाहीत, आणि घेतलं तर आणखी वाईट.

दार त्या स्वतःच उघडतील. आधी तुझं नाव सांग. मग माझं.

सत्यम